टीबी पण निघाला आणि एचआयव्ही पण, आता आधी कुठलं औषध?

या वेळी आलेल्या पत्रांत टीबी आणि एचआयव्ही दोन्ही एकत्र असलेल्यांची, नाहीतर त्यांच्या घरच्यांची पत्रं इतकी आहेत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. नावं, गावं सगळी काढून टाकलीत. ज्यांनी "छापू नका, फक्त मला कळवा" असं लिहिलं होतं त्यांना वेगळं उत्तर पाठवलंय. आणि हे वाचून कुणीही आपापल्या गोळ्या कमी-जास्त करू नका प्लीज, वाचताना जे प्रश्न पडतील ते कागदावर लिहा आणि तो कागद तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा.

प्रश्न : डॉक्टर, मी ३६ वर्षांचा आहे. खोकला जात नव्हता, रात्री घामाने कपडे ओले व्हायचे, वजन ११ किलो उतरलं. थुंकी तपासली तर टीबी निघाला आणि तिथेच रक्त घेतलं त्यात एचआयव्ही पॉझिटिव्ह आला. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, फक्त ८४ आहे. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन दहा दिवस झालेत. टीबीच्या दवाखान्यात एकजण म्हणाले आधी सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण कर, मग एचआयव्हीचं बघू, एकदम एवढ्या गोळ्या लिव्हरला झेपणार नाहीत. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, देणाऱ्या सेंटरला म्हणतात पुढच्या आठवड्यातच सुरू करायचं. दोघांच्या फायली वेगळ्या, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, मी मध्ये अडकलोय. कुणाचं ऐकू? आणि मी यातून वाचेन का हो?

उत्तर : दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, वाचू शकता, आणि नुसतं वाचणं नाही तर परत कामावर जाणं, वजन भरून येणं, दम न लागता जिना चढणं हे सगळं होऊ शकतं. टीबी औषधाने बरा होतो. एचआयव्ही शरीरातून जात नाही पण औषधाने इतका दाबला जातो की तो रक्तात मोजताही येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच माणसात घडवून आणता येतात, फक्त दोन्ही उपचार एकमेकांना धरून चालले पाहिजेत.

आता कुणाचं ऐकायचं. एआरटी सेंटरचं. "आधी टीबी संपवू, मग एचआयव्ही" हा विचार पूर्वी खरंच होता आणि त्यामागे कारणंही होती, गोळ्या खूप होतात, औषधं एकमेकांत अडकतात, साइड इफेक्ट कुठल्या औषधाचा ते कळत नाही. पण मग हे नीट तपासून बघितलं गेलं. दक्षिण आफ्रिकेत डर्बनमध्ये डॉ. सलीम अब्दुल करीम यांच्या टीमने दोन्ही आजार असलेल्या ६४२ जणांवर अभ्यास केला, त्याचं नाव सापिट. काहींना टीबीच्या उपचारादरम्यानच एआरटी दिली, काहींना टीबीचा कोर्स संपल्यावर. २०१० साली निकाल छापून आला, एकत्र उपचार मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण ५६ टक्क्यांनी कमी होतं. फरक इतका स्पष्ट होता की थांबवून ठेवलेल्या गटाचं थांबणं अभ्यासाच्या मध्येच बंद करावं लागलं, त्यांनाही लगेच एआरटी सुरू करायला सांगण्यात आलं.

मग पुढचा प्रश्न, टीबी चालू असतानाच द्यायची तर नेमकी कधी? त्याचं उत्तर कंबोडियातून आलं, कमेलिया नावाचा अभ्यास, २०११ सालचा. तिथले पेशंट फारच खालावलेले होते, निम्म्यांचा सीडी४ २५ किंवा त्याहून कमी. टीबीची औषधं सुरू केल्यावर २ आठवड्यांनी एआरटी मिळालेल्या ३३२ जणांपैकी ५९ दगावले, ८ आठवड्यांनी मिळालेल्या ३२९ पैकी ९० दगावले. म्हणजे फक्त सहा आठवड्यांचा फरक. मी हे आकडे मुद्दाम देतेय कारण "जरा थांबू, अंगात थोडी ताकद येऊ दे" हे वाक्य घरातून, शेजारून, कधीकधी दवाखान्यातूनही येतं, ते प्रेमानेच येतं, पण ८४ सीडी४ असलेल्या माणसाला थांबणं परवडत नाही. ताकद एआरटीनेच येणार आहे.

आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की सीडी४ कितीही असो, टीबीची औषधं सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत एआरटी सुरू करायची. एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे, मेंदूच्या आवरणाचा टीबी, म्हणजे टीबी मेनिंजायटिस. त्यात कवटीच्या आत सूज वाढली तर जीवावर बेतू शकतं म्हणून तिथे एआरटी निदान ४ आठवडे थांबवतात आणि ८ आठवड्यांच्या आत सुरू करतात. म्हणून तुम्हाला सतत डोकं दुखणं, उलट्या, मान ताठ होणं, बोलण्यात गोंधळ असं काहीही असेल तर एआरटी सुरू व्हायच्या आधी ते सांगा, विचारायची वाट बघू नका.

लिव्हरचं म्हणाल तर ती काळजी खोटी नाही. टीबीच्या चारपैकी तीन औषधं, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, लिव्हरला त्रास देऊ शकतात. त्यासाठी लिव्हरच्या तपासण्या करतात, दारू पूर्ण बंद करायला सांगतात, कावीळ दिसली तर औषधं बदलतात. पण त्या भीतीने एआरटी सहा महिने लांबवायची नसते.

आता तुमच्या दोन फायलींचं. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. कारण या दोन औषधांची एकमेकांशी टक्कर होते आणि ती दोन्हीकडच्यांना माहीत असावी लागते. रिफाम्पिसिन लिव्हरमधली औषध मोडणारी यंत्रणा जोरात चालू करतं, त्यामुळे एचआयव्हीचं डोल्युटेग्राविर नेहमीपेक्षा लवकर मोडून जातं, रक्तात पुरेसं उरत नाही. उपाय सोपा आहे, डोल्युटेग्राविर दिवसातून एकदा ५० मिलिग्रॅमऐवजी दोनदा घ्यायचं, बारा तासांच्या अंतराने. बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधांची एकच गोळी मिळते, ती एका वेळेला आणि बारा तासांनी फक्त डोल्युटेग्राविरची वेगळी गोळी. आता विचार करा, एआरटीवाल्यांना तुमचं रिफाम्पिसिन चालू आहे हे कुणी सांगितलंच नाही तर ती दुसरी गोळी लिहिली जाणार नाही, तुम्ही इमानेइतबारे औषध घेत राहाल आणि तरी व्हायरस पूर्ण दबणार नाही. चूक कुणाचीच दिसणार नाही आणि नुकसान तुमचं होईल. प्रोटीज इनहिबिटर गटाची एचआयव्हीची औषधं असतील तर ही टक्कर अजून मोठी, तिथे बऱ्याचदा रिफाम्पिसिन काढून रिफाब्युटिन द्यावं लागतं.

म्हणून एकत्रित उपचार. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये आणि मग २०१२ मध्ये सुधारून याचं धोरणच काढलं, की टीबीच्या प्रत्येक पेशंटची एचआयव्ही टेस्ट व्हावी, एचआयव्हीच्या प्रत्येक पेशंटला दर भेटीत टीबीची लक्षणं विचारावीत, आणि शक्य तिथे दोन्ही औषधं एकाच ठिकाणी, एकाच टीमकडून मिळावीत. तुमच्याकडे तशी सोय आहे का ते स्पष्ट विचारा. नसेल तर तुम्ही स्वतः एक वही करा, एका बाजूला टीबीची सगळी औषधं डोससकट, दुसऱ्या बाजूला एचआयव्हीची, खाली वजन, सीडी४, व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे तो आकडा), लिव्हरचे रिपोर्ट, आणि दोन्ही ठिकाणी तीच वही उघडून ठेवा, "माझं तिकडे हे चालू आहे, याच्यासोबत चालेल ना" हे दर वेळी विचारा. संकोच करू नका, हा तुमचा हक्क आहे.

अजून एक, कोट्रायमॉक्साझोल नावाची गोळी दिलीय का ते बघा. ती टीबीची नाही आणि एचआयव्हीचीही नाही, पण या काळात होणारा न्यूमोनिया आणि बाकीचे इन्फेक्शन अडवते. दोन फायलींच्या फटीत नेमकी हीच गोळी हरवते. सल्फाच्या औषधाची अॅलर्जी असेल तर तेवढं आधी सांगा.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला टीबीची औषधं सुरू केल्यावर ताप गेला होता, जेवायला लागला होता. मग एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या आणि तिसऱ्या आठवड्यात परत १०२ ताप, मानेला लिंबाएवढी गाठ. वहिनी म्हणते या नवीन गोळ्या मानवत नाहीत, बंद करा. आईने तर दोन दिवस गोळ्या लपवून ठेवल्या. काय करू?

उत्तर : ताई, गोळ्या आजच परत सुरू करा आणि भावाला आज किंवा उद्या दवाखान्यात घेऊन जा. दोन्ही गोष्टी करा, एक नाही.

आईंना मी अजिबात दोष देणार नाही. डोळ्यासमोर बरा होत चाललेला मुलगा नवीन गोळी सुरू झाल्यावर परत तापाने फणफणला तर कुठल्याही आईला तसंच वाटेल. पण आत काय घडतंय ते त्यांना समजावून सांगा. भावाच्या शरीरात टीबीचे जंतू आणि मेलेल्या जंतूंचे अवशेष आधीपासूनच होते, पण प्रतिकारशक्ती इतकी मेलेली होती की ती त्यांच्यावर धावून जातच नव्हती, म्हणून सूज नाही, गाठ नाही. एआरटी सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी परत वाढल्या, त्यांना शत्रू दिसला आणि त्या एकदम तुटून पडल्या. ताप, गाठ, छातीत पाणी, खोकला वाढणं हे त्या लढाईमुळे होतं. याला डॉक्टर आयरिस म्हणतात. बहुतेक वेळा एआरटी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, तीन महिन्यांच्या आत दिसतं आणि सीडी४ जितका कमी तितकी शक्यता जास्त.

वरच्या उत्तरात कंबोडियाच्या अभ्यासाबद्दल लिहिलंय ना, तिथे एआरटी लवकर मिळालेल्या गटात हे आयरिस जास्त झालं होतं. आणि तरीही त्याच गटात मृत्यू कमी झाले. आईंना एवढं एक सांगितलंत तरी पुरे.

पण दवाखान्यात जायचं ते का? कारण सगळाच ताप आयरिसचा नसतो. टीबीचा जंतू रिफाम्पिसिनला दाद देत नसेल तर असंच होतं, गोळ्या मध्ये चुकल्या असतील तर होतं, दुसरं एखादं इन्फेक्शन असू शकतं, औषधाची रिअॅक्शन असू शकते. हे सगळं बाजूला काढून मगच आयरिस म्हणायचं असतं. त्रास जास्त असेल तर प्रेडनिसोलोन देतात, म्हणजे स्टेरॉइड, पण ते डॉक्टरांनीच, स्वतः मेडिकलमधून आणून नाही. केपटाउनमध्ये २४० जणांवर झालेल्या अभ्यासात, २०१८ मध्ये छापून आला तो, सीडी४ १०० किंवा त्याहून कमी असलेल्यांना एआरटीसोबतच चार आठवडे स्टेरॉइड दिलं तर आयरिस ४७ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे हे ओळखीचं आहे, यावर औषध आहे. आणि डोकं जोरात दुखणं, उलट्या, झटका, शुद्ध हरपल्यासारखं बोलणं, श्वास पुरेनासा होणं, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं तर उद्याची वाट न बघता रात्रीच निघा.

दोन दिवस गोळ्या बुडल्यात हे डॉक्टरांना सांगा हं, लपवू नका. कुणी रागावलं तर रागावू दे.

प्रश्न : मला चार वर्षांपासून एचआयव्ही आहे, मध्ये औषध सोडलं होतं. आता महिनाभर ताप. एक्स-रे स्वच्छ, थुंकीत जंतू नाहीत, तरी डॉक्टर टीबीचं औषध सुरू करा म्हणतात. रिपोर्ट नॉर्मल असताना औषध कशाला? मला फसवत तर नाहीत?

उत्तर : नाही, फसवत नाहीत, उलट तुमचे डॉक्टर जागरूक आहेत असं मला वाटतं.

साध्या मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला एका मिलिलिटर थुंकीत साधारण ५ ते १० हजार जंतू लागतात. इतके जंतू थुंकीत येतात कारण प्रतिकारशक्ती फुप्फुसात जोरदार लढते, तिथे पोकळी तयार होते आणि त्या पोकळीतून जंतू बाहेर पडतात. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खाली आली की ती पोकळीच होत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ, थुंकी स्वच्छ, आणि टीबी मात्र गाठींत, पोटात, हाडात, मेंदूच्या आवरणात, कधी रक्तातून सगळीकडे. आजार जितका जास्त तितका रिपोर्ट चांगला दिसतो असा हा विचित्र प्रकार आहे आणि यात माणसं हकनाक गेलेली आहेत.

पण तुम्ही एक विचारा, जीनएक्सपर्ट झालंय का. ती टेस्ट जंतूचा डीएनए शोधते, दोन तासांच्या आत मशीन उत्तर देतं आणि रिफाम्पिसिन लागू पडणार की नाही तेही त्यातच कळतं. २०१० पासून जागतिक आरोग्य संघटनेची तिला मान्यता आहे. थुंकी येत नसेल तर गाठीतला द्रव, पाठीतलं पाणी, असं बरंच काही तपासता येतं. दुसरी टेस्ट लघवीची, तिला लॅम म्हणतात, सीडी४ खूप कमी असलेल्या किंवा फार आजारी माणसासाठी ती कामाची आहे, २५ मिनिटांत पट्टीवर कळतं. ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच असं म्हणता येत नाही, पण पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी औषध सुरू करता येतं. आणि या टेस्ट सगळ्या करूनही काही सापडलं नाही, पण ताप, वजन, घाम सगळं टीबीकडे बोट दाखवतंय, तर डॉक्टर लक्षणांवरून औषध सुरू करतात, ते बरोबर आहे.

एआरटी परत सुरू करायचं बोलणं झालंय का हे तुमच्या पत्रात नाही. नसेल झालं तर या भेटीतच काढा.

प्रश्न : गोळ्या मोजल्या तर मूठभर होतात. लघवी लाल-केशरी होते, पायाला मुंग्या येतात, मळमळतं. एक दिवसाआड घेतल्या तर चालतील का? मित्राने पूर्वी टीबीच्या गोळ्या आठवड्यातून तीनदाच घेतल्या होत्या.

उत्तर : मित्राचं खरं आहे, पूर्वी तशी पद्धत होती. पण आठवड्यातून तीनदा घेतल्याने आजार उलटण्याचं आणि जंतू औषधाला न जुमानण्याचं प्रमाण जास्त, त्यातही एचआयव्ही असलेल्यांत जास्तच, म्हणून २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेने रोजच घ्या असं सांगितलंय. एक दिवसाआड नको. अजिबात नको.

केशरी लघवी रिफाम्पिसिनमुळे, घाम आणि डोळ्यातलं पाणीसुद्धा रंगतं, त्याने काही बिघडत नाही, उलट औषध पोटात जातंय एवढं कळतं. पायाच्या मुंग्या मात्र सांगायच्या. आयसोनियाझिड शरीरातलं बी-६ कमी करतं आणि नसांना त्रास होतो, एचआयव्हीमुळे तो धोका अजून वाढतो, म्हणून सोबत पायरिडॉक्सिनची छोटी गोळी असायला हवी, नसेल तर मागून घ्या. टीबीचं चौथं औषध इथॅम्ब्युटॉल, त्याने नजर अंधुक होऊ शकते, लाल-हिरवा रंग ओळखू येईनासा झाला तर त्याच दिवशी कळवा. सांधे दुखत असतील तर बऱ्याचदा पायराझिनामाइड असतं आणि ते पहिल्या दोन महिन्यांनंतर सहसा थांबतंच. मळमळ पहिले दोन-तीन आठवडे जास्त असते, मग कमी होते, पण मळमळीसोबत भूक पूर्ण मेली, लघवी गडद आणि डोळे पिवळे असं असेल तर ती लिव्हरची घंटा आहे, लगेच जा.

अजून एक जे दुकानात कुणी सांगत नाही. अशक्तपणा आहे म्हणून लोक लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणतात, अॅसिडिटीसाठी पातळ औषध घेतात आणि सगळं एकदम गिळतात. लोह, कॅल्शियम, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम हे सगळे पोटात डोल्युटेग्राविरला चिकटतात आणि ते रक्तात जाऊच देत नाहीत. डोल्युटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. लोह आणि कॅल्शियम जेवणाबरोबर डोल्युटेग्राविरसोबत चालतात, अॅसिडिटीचं औषध नाही. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा, डोल्युटेग्राविरमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

प्रश्न : आमच्याकडे आता एचआयव्ही आणि टीबीची औषधं एकाच ठिकाणी मिळतात. सोय आहे, पण बाकड्यावर शेजारी कुणी खोकत असतं. मला एचआयव्ही आहे, टीबी नाही. मला तिथेच टीबी व्हायचा.

उत्तर : ही भीती रास्त आहे आणि ती बोलून दाखवल्याबद्दल तुमचे आभार. एकत्रित उपचाराचं मी एवढं गुणगान केलं पण ते नीट केलं नाही तर त्याचा हा धोका खरा आहे. टीबी हवेतून पसरतो, बंद खोलीत जंतू तासन्‌तास तरंगत राहतात, आणि तिथे बसलेले सगळे प्रतिकारशक्ती कमी असलेले. म्हणून अशा ठिकाणी खोकणाऱ्याला दारातच ओळखून मास्क द्यायचा, वेगळं बसवायचं आणि रांग तोडून आधी तपासून मोकळं करायचं असा नियम असतो. खिडक्या समोरासमोर उघड्या हव्यात, शक्यतो बाहेर मोकळ्यावर बसायची सोय हवी. तुमच्याकडे खिडक्या बंद असतील तर उठून उघडा आणि तिथल्या सिस्टरना, काउन्सेलरना सांगा, एकट्याने जमत नसेल तर चारजण मिळून सांगा. टीबीचा पेशंट औषध सुरू झाल्यावर, औषध लागू पडत असेल तर, काही आठवड्यांतच फारसा पसरवणारा राहत नाही. खरा धोका ज्याचं निदानच झालं नाही त्याचा.

आणि तुम्ही टीबी होऊ नये म्हणून औषध घेतलंय का? खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, या चारांपैकी काही नसेल तर एचआयव्ही असलेल्यांना प्रतिबंधक औषध देतात. सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे १२ डोस, तीन महिन्यांत काम संपतं. आयव्हरी कोस्टमधल्या टेम्प्रानो अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवलं की एआरटी लवकर सुरू करणं आणि हे औषध, दोन्हींचा फायदा होतो, एआरटी चालू असली तरी हे औषध वाया जात नाही. २०२३ साली जगभरात टीबीने साधारण साडेबारा लाख माणसं गेली, त्यातली १ लाख ६१ हजार एचआयव्हीसोबत जगणारी होती. यातले कितीतरी टाळता आले असते हे माहीत असल्यामुळे मी ज्याला त्याला हा प्रश्न विचारत असते.

प्रश्न : मला दोन्ही आजार आहेत, उपचार चालू आहेत. नवऱ्याची टेस्ट निगेटिव्ह आहे. आत्ता मूल नको म्हणून मी गर्भनिरोधक गोळ्या घेते. पुढे मूल होऊ शकेल का, आणि त्याला काही होईल का?

उत्तर : ताई, आधी तातडीचं. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर अवलंबून राहू नका, तीच लिव्हरची यंत्रणा त्या गोळ्यांतले हार्मोन्सही मोडून टाकते. कॉपर-टी चालते, आणि कंडोम तर हवाच, कारण तुमचा व्हायरल लोड अजून दबलेला असेलच असं नाही.

पुढचं उत्तर आनंदाचं आहे. एआरटी नियमित घेऊन व्हायरल लोड मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला की शरीरसंबंधातून नवऱ्याला एचआयव्ही होत नाही. यावर शेकडो जोडप्यांना वर्षानुवर्षं बघितलंय, अशा जोडीदाराकडून झालेलं एकही इन्फेक्शन त्यात सापडलं नाही. मूल होऊ शकतं. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला एचआयव्ही जाण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, नीट उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते, बाळालाही जन्मानंतर औषध देतात. डोल्युटेग्राविरने बाळात दोष येतो अशी २०१८ मध्ये चर्चा झाली होती, पुढे जास्त माहिती आल्यावर ती भीती फार कमी झाली आणि २०१९ पासून ते बायकांनाही पहिलं औषध म्हणून दिलं जातं. मला विचाराल तर आधी टीबीचा कोर्स पूर्ण करा, व्हायरल लोड बघा, मग बाळाचं ठरवा. पण मध्येच दिवस गेले तर घाबरून एकही गोळी बंद करू नका, टीबीची ही चारही औषधं गरोदरपणात दिली जातात.

नवऱ्याला टीबीची लक्षणं आहेत का तेवढं बघून घ्या, घरात लहान मूल असेल तर त्याचंही. ताट, कपडे, टॉवेल वेगळे करायची काहीच गरज नाही, ना टीबीसाठी ना एचआयव्हीसाठी.

प्रश्न : सहा महिने झाले, टीबी बरा झाला म्हणून लिहून दिलं. वजन १३ किलो वाढलं. आता एचआयव्हीच्या गोळ्या पण बंद करू शकतो का? दम मात्र अजून लागतो.

उत्तर : वजनाचं वाचून खूप बरं वाटलं. पण एचआयव्हीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, त्या कायमच्या. बंद केल्या की काही आठवड्यांत व्हायरस परत वर येतो, सीडी४ खाली जातो आणि टीबीला परत दार उघडं मिळतं. बदल एकच, डोल्युटेग्राविरचा जो दुसरा डोस होता तो रिफाम्पिसिन थांबल्यावर अजून दोन आठवडे चालू ठेवायचा, कारण त्याचा लिव्हरवरचा परिणाम लगेच जात नाही, मग डॉक्टरांना विचारून दिवसातून एकदाच. हा डोस कधी कमी करायचा हे बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही, टीबीचं खातं बंद झालं की तिकडचं कुणी बघत नाही, म्हणून तुम्हीच एआरटीच्या पुढच्या भेटीत "माझं रिफाम्पिसिन या तारखेला संपलं" असं सांगा. कोट्रायमॉक्साझोल चालू ठेवायची की नाही हे सीडी४ बघून ते ठरवतील. टीबी परत होऊ नये म्हणून औषध द्यायचं का हेही विचारा, काही ठिकाणी देतात.

दम लागणं दुर्लक्ष करू नका. जंतू गेले तरी फुप्फुसावर व्रण राहतात, काहींच्या श्वासनलिका आकसतात. फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी असते ती करून घ्या, इनहेलरचा उपयोग होतो का ते त्यात कळतं, आणि श्वासाचे व्यायाम, रोज थोडं थोडं चालणं वाढवणं याने खरंच फरक पडतो. सिगरेट ओढत असाल तर ती सोडायला मदत मागा, मागितली की मिळते. खोकला परत सुरू झाला, ताप आला, वजन उतरायला लागलं तर "मला आधी होऊन गेलाय" म्हणून घरी बसू नका, टीबी दुसऱ्यांदाही होतो, लगेच थुंकी तपासून घ्या. जीनएक्सपर्ट करणाऱ्यांना आधीच्या टीबीची तारीख आवर्जून सांगा, कारण जुन्या मेलेल्या जंतूंच्या डीएनएमुळेही ती टेस्ट काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकते.